मला काही ऊन पडणार नाही

पाळकसाहेबांनी मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "पुढच्या रविवारपासून शब्बाथशाळा तुम्ही सांभाळा. तुमचं डी.एड. झालंय ना?" शब्बाथशाळा म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग. डी.एड. झालं होतं खरं. नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत दीड वर्ष तिसरीचा वर्गही घेतला होता. मग लग्न झालं, यांची नोकरी मुरगाव बंदरात, म्हणून वास्कोला आले आणि डी.एड.चं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी गेलं. २०१५ साली पाळकसाहेबांनी ते वर काढलं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, कशी ते आधी सांगते, कारण गोव्यातले ख्रिस्ती म्हटलं की लोकांना पांढरंशुभ्र चर्च, कोंकणी मिस (कॅथलिक उपासना) आणि फर्नांडिस-डिसोझाच आठवतात. आम्ही त्यातले नव्हे. आम्ही गायकवाड, साळवे, भोसले. कुणी नगरकडचे, कुणी मिरज-कोल्हापूरचे, कुणी सोलापूरचे. बंदर, रेल्वे, शिपयार्ड, नेव्ही अशा नोकऱ्यांच्या मागे वास्कोत येऊन राहिलेले. भाड्याचा हॉल, मराठी बायबल, पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. शेजारची कॅथलिक बाई अजून अधूनमधून प्रेमाने विचारते, "तुमी क्रिस्तांव न्ही? मागीर मिसाक कित्याक येनात?" म्हणजे, तुम्ही ख्रिस्ती ना, मग मिसला का येत नाही? तिची मुलं रविवारी दोतोर्नला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात, आमची शब्बाथशाळेला. आमची मुलं शाळेत इंग्रजी, खेळताना कोंकणी-हिंदी आणि घरी आजीशी मराठी बोलतात. हे तेव्हा मला फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

पहिल्या रविवारी हॉलमध्ये तेवीस मुलं होती. सगळ्यात लहान चार वर्षांचं, सगळ्यात मोठा दहावीतला, ओठांवर मिसरूड फुटलेला. शिक्षिका मी आणि एक नर्सताई, तीही ड्युटी नसेल त्याच रविवारी. वारसा म्हणून एक पत्र्याची पेटी मिळाली. तिच्यात फ्लॅनेलचा बोर्ड, त्याला चिकटवायची चित्रं (एक हात तुटलेला मोशे, नऊ मेंढरं, दोन खजुराची झाडं) आणि हजेरीची वही.

मी शाळेतल्यासारखं सुरू केलं. गीत, प्रार्थना, गोष्ट, गोष्टीचं तात्पर्य, तात्पर्यावर तीन प्रश्न, मग सोनेरी वचन पाठ. सगळ्यांना एकत्र बसवून, एकच गोष्ट, एकाच आवाजात. लहान मुलं दहा मिनिटांनी एकमेकांच्या चपला घालून बघायची. मोठे मागच्या भिंतीला टेकून मोबाइल गुडघ्याखाली धरायचे. मधली तेवढी ऐकायची. त्या मधल्यांकडे बघत मी वर्षभर शिकवलं आणि छान चाललंय असं समजत राहिले.

तेविसावं स्तोत्र पाठ करून घेताना पहिली ठेच लागली. मे महिना, हॉलचे पंखे गरम वारा फेकत होते. एक चिमुरडी उभी राहिली आणि हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाली, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही ऊन पडणार नाही." मोठी मुलं हसली. मी तिला दुरुस्त केलं, "ऊन नाही बाळा, उणे." तिने विचारलं, "उणे म्हणजे?" मी म्हटलं, कमी पडणं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण मेंढपाळ तर मेंढ्यांना सावलीतच नेणार ना?"

तिचं म्हणणं त्या स्तोत्राच्या किती जवळचं होतं हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा मी फक्त शब्द सुधारला आणि तिला स्टिकर दिलं नाही.

दुसरी ठेच मात्र साधी नव्हती. पाठ होता इसहाकाचा. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा बाविसावा अध्याय. देव अब्राहामाला सांगतो, तुझा एकुलता एक लाडका मुलगा मला होमार्पण कर. तीन दिवसांची वाट. मुलाच्या पाठीवर लाकडं, बापाच्या हातात विस्तव आणि सुरा. मी ती गोष्ट रंगवून सांगितली. नको तेवढी रंगवून. सुरा उचलल्यावर मी थांबले, हॉलभर नजर फिरवली, आणि सगळे गप्प बसलेले बघून मला आपल्या कलेचा अभिमान वाटला. मग देवदूताची हाक, झुडपात शिंगं अडकलेला एडका, आणि तात्पर्य: देवावर पूर्ण विश्वास ठेवावा. तीन प्रश्न. खाऊ.

सोमवारी सकाळी सात वाजायच्या आत एका आईचा फोन आला. तिचा पाच वर्षांचा मुलगा रात्रभर झोपला नव्हता. बापाजवळ झोपायलाच तयार नव्हता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मुलगा पलंगाखाली गाडी फिरवत होता, मला बघून आणखी आत सरकला. त्याचे वडील शिपयार्डमध्ये फिटर. ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "टीचर, रात्री त्याने मला विचारलं, पप्पा, देवाने तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काय करणार? मी म्हटलं, मी नाही म्हणेन. तेव्हा कुठे जरा शांत झाला." मग थोडं थांबून, "चुकलं का माझं?"

मी म्हटलं, "नाही हो." त्याहून जास्त काही सुचलं नाही. घरी येईपर्यंत मला एवढंच जाणवत होतं की मी मुलासमोर आणि बापासमोरही असा प्रश्न टाकला होता, ज्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि वर त्याचं तात्पर्य एका ओळीत सांगून खाऊ वाटला होता.

पाळकीणबाईंनी तीस वर्षं शब्बाथशाळा घेतली होती. गुडघे धरल्यावर सोडली. त्यांच्याकडे जाऊन मी रडगाणं गायलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पौलाने करिंथकरांना काय लिहिलं? मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही. ती तर मोठी दाढीवाली माणसं होती. तू पाच वर्षांच्या पोराला मटण घातलंस." मी म्हटलं, मग ती गोष्ट सांगायचीच नाही का? "असं कुठे म्हटलं मी? खरी गोष्ट आहे म्हणून प्रत्येकाला आजच सांगायची, असं नसतं."

त्यानंतर आम्ही मुलं वेगळी केली. पाळकसाहेबांनी कागदावर बालवर्ग, प्राथमिक, माध्यमिक असं लिहून दिलं, पण मुलांनी दोन रविवारांत आपली नावं पाडली. चार ते सात वर्षांचे चटईवाले. आठ ते अकराचे बाकावाले. बारापासून पुढचे जिन्यावाले, कारण हॉलमध्ये तिसऱ्या वर्गाला जागा नव्हती आणि ते गच्चीच्या जिन्यावर बसायचे. नर्सताईंनी चटई घेतली, एका कॉलेजच्या मुलीला पटवून आम्ही बाक दिला, आणि मी जिना. अर्थात नर्सताईंची ड्युटी असली की चटईही माझीच. एक नियम पाळकीणबाईंनी पहिल्याच दिवशी घालून दिला: कुठल्याही वर्गाचं दार बंद करायचं नाही, आणि कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर खोलीत ठेवायचं नाही, मग ते माणूस पाळक का असेना.

पण वर्ग वेगळे करणं सोपं होतं. एकच गोष्ट तीन ठिकाणी कशी सांगायची, हे शिकायला मला नोहा लागला, महाप्रलयात तारू बांधून घरच्यांसह आणि प्राण्यांसह वाचलेला.

चटईवर मी पाऊस पाडला. एका बोटाने तळहातावर टिचकी, मग दोन बोटांनी, मग सगळ्या हातांनी मांड्यांवर. हॉलमध्ये खरंच जूनचा आवाज झाला. मग म्हटलं, "चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला." एक मुलगा म्हणाला, "बस? आमच्याकडे तर चार महिने पडतो." आता याला काय सांगायचं! गोव्यातल्या पोराला चाळीस दिवसांच्या पावसाचं काय कौतुक? तेव्हापासून चटईवर मी पावसाचे दिवस सांगतच नाही, पाणी कुठपर्यंत आलं ते सांगते. माडाच्या शेंड्यापर्यंत. मग त्यांचे डोळे मोठे होतात. आणि प्रश्न येतात ते प्राण्यांचे. वाघाला तिथे जेवायला काय? हत्ती कुठे शी करणार? एकदा एका मुलीने विचारलं, कबुतर जैतुनाचं पान घेऊन आलं, पण त्याच्या आधी सोडलेला कावळा? मी पुस्तक उघडून बघितलं. कावळा पाणी आटेपर्यंत इकडेतिकडे घिरट्या घालत राहिला, एवढंच लिहिलंय. इतकी वर्षं मी त्या कावळ्याकडे लक्षच दिलं नव्हतं. ती मुलगी मात्र पुढचे तीन रविवार खिडकीत खाऊतला तुकडा ठेवायची.

बाकावाल्यांना मापं लागतात. आठ ते अकरा हे वय म्हणजे खऱ्याखोट्याचं आणि नियमांचं. तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच, असं तारू. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. लगेच भांडण: हात कुणाचा? शेवटी सगळ्यांत उंच म्हणून त्या फिटर पप्पांना बोलावलं. काथ्याच्या दोरीला दहा-दहा हातांवर गाठी मारल्या. आवार ऐंशी हातांतच संपलं. मग सगळी वरात फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेने. तीनशे हात कुठे भरले माहीत आहे? पदेराच्या दुकानापुढे. साधारण एकशे पस्तीस मीटर. पाव घ्यायला आलेले लोक विचारायला लागले, कसली मोजणी, रस्ता रुंद होणार की काय?

फिटर पप्पा दोरी गुंडाळताना म्हणाले, लांबी रुंदीच्या सहापट, तरंगायला बरं आहे. मग मुलांना त्यांनी विचारलं, "पण यात शीड लिहिलंय का? सुकाणू? इंजिन?" मुलांनी उत्पत्तीचा सहावा अध्याय बोट ठेवून वाचला. एक दार, तीन मजले, आतून-बाहेरून डांबर. सुकाणू नाही. नऊ वर्षांचा एक मुलगा, वडील टगबोटीवर असलेला, अस्वस्थ होऊन म्हणाला, "मग चालवणार कोण?"

माझ्या जिभेवर तात्पर्य आलं होतं. तोंड उघडलंही होतं. मी ते गिळलं. सांगितलं असतं तर प्रश्न तिथेच संपला असता. तो मुलगा तो प्रश्न घेऊन घरी गेला आणि पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन आला. ते गृहस्थ नाताळाशिवाय कधी उपासनेला आलेले नव्हते. त्यांना सुकाणूविषयी बोलायचं होतं.

तात्पर्य न सांगणं मला सगळ्यात जड गेलं. शिक्षिकेची जात, गोष्ट संपली की हात आपोआप फळ्याकडे जातो. काही पालकांनाही ते आवडलं नाही. एकजण म्हणाले, मुलं गोष्टी ऐकून येतात, त्यातून शिकलं काय ते सांगता येत नाही. मी म्हटलं, दाखला (दृष्टांत) सांगून झाल्यावर येशूने तरी दरवेळी उलगडा करून कुठे सांगितला? शिष्यांना मागून विचारावं लागायचं. ते गप्प बसले, पण पटलं नाही हे दिसत होतं.

जिन्यावर नोहाची गोष्ट सांगावी लागलीच नाही. त्यांना ती पाठ होती आणि तिचा कंटाळा आला होता. मी फक्त विचारलं, तारवाच्या बाहेर कोण होतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, बाहेर लहान मुलंही असणार ना? त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं, आणि त्यांनी ते गुळमुळीत आहे हे ओळखलं. पुढे २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीकडे घरांत पाणी शिरलं तेव्हा हीच मुलं तांदूळ आणि चादरी गोळा करत होती. टेम्पोत गाठोडी भरताना ती मुलगी आपली आपणच म्हणाली, "टीचर, आपण बाहेरच्यांसाठी पाठवतोय." मी नुसती मान हलवली.

गोव्यात राहून बायबल शिकवायचा एक फायदा असा की निम्मे पाठ बाहेर रस्त्यावरच असतात. फक्त डोळे उघडे हवेत, आणि 'ते त्यांचं, हे आपलं' ही सवय थोडी सोडायला हवी. २०१८ साली सांजांव, विहिरींत उड्या मारायचा कॅथलिकांचा सण, नेमका रविवारी आला. २४ जून. सकाळपासून घुमट या मातीच्या वाद्याचा आवाज, डोक्यावर फुलांची कोपेलं घातलेले लोक, विहिरींत धडाधड उड्या. मुलं वर्गात आली तीच विचारत, आज सगळे विहिरीत उड्या का मारतायत? मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला. येशूची आई मरीया अलीशिबेच्या घरी गेली, नमस्कार केला, आणि अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली. तेच बाळ पुढे बाप्तिस्मा करणारा योहान. चटईवाल्यांनी अर्धा तास नुसत्या उड्या मारल्या. दुसरं काही करायची गरजच पडली नाही.

बाकावाल्यांना त्या बाळाचा बाप जखऱ्या मिळाला. देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून वाचा गेली, आणि बाळाचं नाव काय ठेवायचं ते पाटीवर लिहून दाखवावं लागलं. मी म्हटलं, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, जे हवं ते पाटीवर लिहा. पाट्या नव्हत्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठी घेतल्या. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत शांत दहा मिनिटं. आणि जिन्यावाल्यांनी बोटं मोजून शोधलं की अलीशिबेला सहावा महिना होता तेव्हा मरीयेला येशूची वार्ता मिळाली, म्हणून योहानाचा सण जूनमध्ये आणि नाताळ बरोबर सहा महिन्यांनी. ते त्यांना जादूसारखं वाटलं. एका आईने नंतर तक्रार केली की कॅथलिकांचा सण शब्बाथशाळेत कशाला. मी म्हटलं, ताई, सण त्यांचा, पण लूक सगळ्यांचा आहे.

तसंच नाताळानंतर. सहा जानेवारीला कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं. लहान मुलगे मुकुट घालून राजे होतात. आमची मुलं बघून आली आणि नाटकात तीन राजे हवेतच म्हणून बसली. जिन्यावाल्यांना मी मत्तयाचं शुभवर्तमान वाचायला दिलं. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, किती आले, आकडाच नाही. राजे, असंही म्हटलेलं नाही. देणग्या तेवढ्या तीन. दहावीतला मुलगा खूश झाला, म्हणाला, म्हणजे आपण सातजण होऊ शकतो! कुणालाच मेंढरू व्हायचं नव्हतं ना. त्या वर्षी आमच्या गोठ्याला सात मागी आले आणि मेंढरं दोन.

जाळ्याचा दाखला मात्र माझ्या हातून पार निसटला. स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे. चांगले मासे भांड्यांत जमा करतात, वाईट फेकून देतात. मला वाटलं, याहून सोपं काय? बाकावाल्यांना घेऊन शनिवारी खारीवाड्याच्या जेटीवर गेले. ट्रॉलर आलेला. बांगडे एकीकडे, कोळंबी एकीकडे, बारीकसारीक चेचलेला माल तिसरीकडे. मी त्या तिसऱ्या ढिगाकडे बोट दाखवून निवडणाऱ्या बाईंना विचारलं, हे वाईट मासे फेकून देणार ना? त्या माझ्याकडे वेड्यासारखं बघत म्हणाल्या, "उडोवपाक कित्याक? तें माडांक घालतात." माडांना खत. काही फेकत नाहीत.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. परत येताना एकीने विचारलं, "म्हणजे वाईट माणसांचंही काहीतरी होतं?" दोन किलोमीटर चालत आलो, मी उत्तर शोधत होते. आल्यावर पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, दाखल्याला प्रत्येक बाजूने ताणू नये. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण मासे निवडणारी बाई आता माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दावीदाने गोफणीने पाडलेल्या धिप्पाड गल्याथाच्या पाठाला सोलापूरकडचे एक आजोबा उपयोगी पडले. मुलांना गोफणच माहीत नव्हती, कॅटापूल म्हणायची. आजोबांनी सुतळी विणून गोफण केली, माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं कशी हाकायची ते दाखवलं आणि नेम धरून आवारातल्या माडाला गोटा मारला. गोटा माडाला लागला नाही. एका स्कूटरच्या आरशाला लागला. आरशाचे पैसे शब्बाथशाळेच्या दानातून दिले. वहीत मी ते 'पाठ्यसाहित्य' खाली लिहिलंय.

भाषेचा प्रश्न हळूहळू वर आला. जिन्यावाल्यांना देवनागरी वाचता यायचं, पण अडखळत. 'ह्यासाठी की' आणि 'प्राप्त व्हावे' म्हणताना त्यांचे चेहरे औषध घेतल्यासारखे व्हायचे. आपण मराठीत कशाला वाचायचं, इंग्रजी बायबल फोनवर आहे की, असं एकाने सरळ विचारलं. त्याला वाद घालून पटणार नव्हतं. मी त्यांना बसने मडगावला आणि तिथून राचोलला नेलं, तिथल्या सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची इमारत दाखवायला. तिथल्या पायऱ्यांवर सांगितलं की थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने बायबलची सगळी गोष्ट मराठी ओव्यांत रचली, अकरा हजारांच्या आसपास. १६१६ साली ती छापली, तीही रोमन लिपीत. "म्हणजे आम्ही व्हॉट्सॲपवर लिहितो तशी?" एकजण म्हणाला. अगदी तशीच. त्या दिवशी बसमध्ये ते आजीच्या जात्यावरच्या चालीत वचनं म्हणून बघत होते, थट्टेने. पण म्हणत होते. योहान तीन सोळा हे वचन ओवीत बसवायचा प्रयत्न दाबोळीपर्यंत चालला. बसलं नाही.

लॉकडाऊनमध्ये शब्बाथशाळा फोनवर घेतली. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. चटईवाली मुलं पडद्याच्या अगदी जवळ येऊन नाकं दाखवायची.

इतकी वर्षं चटईवर इसहाकाची ती सुऱ्याची गोष्ट आम्ही सांगत नाही. अब्राहामाच्या तंबूत तीन पाहुणे येतात, सारा दाराआडून हसते, म्हातारपणी बाळ होतं, आणि त्याचं नाव इसहाक, म्हणजे 'तो हसतो', इथपर्यंत. चटईवाल्यांना ते पुरतं. हसऱ्या बाळाचं चित्र काढतात आणि घरी जातात. बाकावरही पुढचा अध्याय वगळतो. कुणी स्वतः वाचून विचारलं तर एडक्यापासून उलटी गोष्ट सांगते: आधी एडका, मग बाप-लेक. शेवट आधी कळला की मधला भाग सोसतो.

जिन्यावर तो अध्याय २०२४ मध्ये पहिल्यांदा घेतला. मीच टाळत होते. त्या वेळचा पलंगाखालचा मुलगा तोवर चौदा वर्षांचा, आवाज फुटलेला, सगळ्यात वरच्या पायरीवर बसणारा. त्याला ती रात्र आठवत असेल का, मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा धीरही नव्हता. मी गोष्ट सांगितलीच नाही. म्हटलं, प्रत्येकाने दोन-दोन वचनं मोठ्याने वाचा.

त्याचा नंबर शेवटी आला. वाचून झालं. सगळे गप्प. मी काही बोलले नाही. तो पुन्हा वर गेला, बोटाने ओळी शोधत.

"टीचर, जाताना दोनदा लिहिलंय, ते दोघे बरोबर चालले. हे इथे, आणि हे इथे."

"हो."

"आणि शेवटी फक्त अब्राहाम परत आला असं आहे. एकोणिसाव्यात. इसहाकाचं नावच नाही." त्याने पुस्तक माझ्याकडे वळवलं. "तो कुठे गेला?"

मी एकोणिसावं वचन वाचलं. पुन्हा वाचलं. बरोबर होतं त्याचं. अब्राहाम आपल्या माणसांकडे परत आला, आणि ते मिळून बैर-शेब्याला गेले. बाकीची मुलं माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. खाली चटईवाल्यांचा वर्ग सुटला होता, ती जिन्याखाली पायऱ्या मोजत ओरडत होती, आणि आत कुणीतरी उपासनेसाठी पेटीचा भाता हलवून बघत होतं.

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं, "तुम्हीही शोधून आणा."

त्याने खिशातून कदंबा बसचं तिकीट काढलं, त्या पानात घातलं आणि पुस्तक मिटलं.